बिनतोंडाचा कोंडीबा

सांगलीहून येऊन जवाहर पेंटरनं साताऱ्यात स्टुडिओ थाटला होता. आल्यागेल्याला तो बजावायचा, ही कलेची जागा आहे, पायताणं बाहेर काढा. धोंडुबाई पायताणं काढून आत आली. उत्तरेला भलीमोठी खिडकी, तिला मखमली पडदा, पडद्याखाली पलंग. पलंगावर माणूस लोळून खळगा पडला होता. रंगाच्या पाटीवर रंगांनी खपल्या धरल्या होत्या. एवढ्या जागेत आपल्या माण तालुक्यातली दोन घरं सुखानं नांदतील, असं तिच्या मनात आलं.

भिंतीशी चित्रं ओळीनं उभी होती. लष्करी कोट, छातीवर बिल्ले, डोक्याला फेटा, आणि तोंडाच्या जागी कोरं कापड. लढाईत गेलेल्यांच्या घरची माणसं फोटो घेऊन येत, तेव्हा पेंटर नुसतं तोंड भरून देई. धड सगळ्यांचं एकच.

धोंडुबाईचा थोरला, कोंडीबा, इटलीत पडला होता. भिंतीवर लावून हार घालायला त्याचं चित्र हवं होतं, आणि फोटो एकही नव्हता. पेंटरनं सांगितलं होतं, धाकट्याला घेऊन या, भाऊ भावासारखाच असतो. म्हणून धाकटा गुंडा स्टुलावर बसला होता. पेंटर मधूनच ब्रश ठेवून डोळे मिटी. का, म्हणून विचारलं तर म्हणे, अंगात यावं लागतं. गावच्या देवऋष्यालाही एवढा वेळ लागत नव्हता.

दिवस कलता पेंटर बाजूला झाला. म्हणाला, "बघा, हुबेहूब."

हुबेहूबच होतं. गुंडाच होता तो, भुवईवर बैलाचं शिंग लागल्याच्या व्रणासकट.

"ह्यो माजा जिता ल्योक हाय," धोंडुबाई म्हणाली. "जित्याला हार घालायचा व्हय, पेंटर?"

पेंटर समजावू लागला की कलेत असं चालतं, मिशा जरा भरदार करू, व्रण काढून टाकू. तिनं तेलात भिजलेलं फडकं उचललं आणि तो ओला चेहरा पुसून काढला. गुंडा उठून उभा राहिला.

"आता असंच द्या बांधून."

"तोंडाशिवाय?"

"तोंड माज्यापाशी हाय. तुमास्नी कोट तेवढा बरा जमतोय."

गुंडाच्या डोक्यावर चित्र देऊन ती निघाली. पायताणं घालताना तिनं एकदा आत बघितलं. पेंटर पलंगावर आडवा झाला होता, त्याच खळग्यात.