फितीचं दुसरं टोक

गोठ्याच्या अंगाला दोघी जावांनी दूधघर बांधलं. भिंतींचा रंग वाळायच्या आधीच नणंद आपल्या एकुलत्या एका गाईचं दूध घेऊन दारात उभी.

"हेही घ्या की तुमच्या लोण्यात, वहिनी."

थोरलीनं पदराला हात पुसले. "वन्सं, नियम आहे. ज्या शेतात दूधघर, त्याच शेतातल्या गुरांचं दूध. बाहेरचा थेंबही चालत नाही."

"मी बाहेरची?"

"मी कुठं म्हणते? कागद म्हणतो."

"बरं," नणंद म्हणाली आणि भरली चरवी तशीच परत घेऊन गेली. भांडली असती तर थोरलीला हलकं वाटलं असतं. त्या 'बरं'ला तळ नव्हता.

नणंदेचं घर वाटेच्या पलीकडेच. दुसऱ्या दिवसापासून ती रोज सकाळी ताकाला येऊ लागली. हसायची, इकडचंतिकडचं विचारायची. तिनं भांडं लपवलं नाही. लपवलं ते वेगळंच.

"विकायचा परवाना मिळाला का गं?" एकदा तिनं सहज विचारलं.

धाकटीच्या तोंडाला झाकण नाही. "साहेब सोमवारी मोजायला येणार. राहत्या घरापासून तीस मीटर लांब हवं दूधघर. तुमच्या भिंतीपर्यंत तेहेतीस भरतात. तीन मीटर हवा खायला!"

नणंदही हसली. जाताना म्हणाली, "वहिनी, उरलेल्या विटा नेऊ? ओसरी काढतेय. ऊन फार लागतं."

"न्या की. विचारायचं काय त्यात!"

तिसऱ्या दिवशी नणंदेच्या दारात चार खांब उभे राहिले. खांबांमधून भिंती वर आल्या, थोरलीच्याच विटांच्या. ओसरीला कधी तिन्ही बाजूंनी भिंती असतात? रोज सकाळी दूधघराचं दार उघडलं की ते घर एक पाऊल पुढं सरकून बसलेलं दिसे, दबा धरलेल्या मांजरासारखं.

धाकटी लोणी काढता काढता गुणगुणे,

घुसळते बाई डेरा, लोणी येईना गं वर
कुणाची सावली पडे, माझ्या सायीच्या दह्यावर

"गप गं," थोरली म्हणाली. "दुसरं काही सुचत नाही तुला?"

"अहो जाऊबाई, राहतं घर मोजतात. ओसरीत कोण राहणार, चिमण्या?"

थोरलीनं कागद पुन्हा काढला, बोट ठेवून वाचला. *राहतं घर.* जिवात जीव आला. परवाना मिळाला नाही तर दूधघराला कुलूप. मग सहा गाईंचं दूध पुन्हा गाडीवाल्याच्या दारात, तो म्हणेल त्या भावानं. दोन वर्षं दोघींनी हात सोलून घेतले होते ते त्यातून सुटायला.

शनिवारी नणंद सासूबाईंना न्यायला आली. "आईला चार दिवस माझ्याकडे ठेवते. तुम्हाला सोमवारची धांदल." सासूबाई गाठोडं काखेत घेऊन लेकीमागं गेल्या. वाटेच्या मध्यावर थांबून त्यांनी एकदा दूधघराकडे पाहिलं. थोरलीला ते नंतर आठवलं.

सोमवारी साहेब आले. फितीची डबी दूधघराच्या भिंतीला लावून म्हणाले, "तिकडचं टोक धरा कुणीतरी."

"मी धरते," नणंद म्हणाली. टोक ओढत ती वाट ओलांडून गेली आणि तिनं ते नव्या भिंतीला टेकवलं.

"एकोणतीस," साहेबांनी वाचलं.

"साहेब, ती नुसती ओसरी आहे!" थोरली म्हणाली. "तिथं कुणी राहत नाही."

साहेब पलीकडे गेले. मागोमाग दोघी जावा. आत खाट होती, खाटेवर घडी केलेली गोधडी. कोनाड्यात औषधाची बाटली, चष्मा. आणि खाटेच्या कडेला सासूबाई.

"आजी, तुम्ही इथं राहता?"

सासूबाईंनी लेकीकडे पाहिलं. मग सुनांकडे.

"सांग की आई," नणंद मायेनं म्हणाली. "माझी आई बाहेरची आहे का?"

"राहते," सासूबाई म्हणाल्या. डोळे मात्र जमिनीवर.

साहेबांनी लिहून घेतलं. नणंदेनं टोक सोडलं. फीत वाटेवरून सळसळत, अंग आवळत गेली आणि दूधघराच्या उंबऱ्याशी डबीत शिरली.

"वहिनी," मागून आवाज आला, तसाच हसरा, "उद्याचं ताक ठेवाल ना?"