मार्केसची बादली

वळू कसा निवडावा हे आमच्या भागात कुणाला विचारायचं झालं, तर लोक माझ्याकडे यायचे. म्हणजे खरं तर मीच त्यांच्याकडे जायचो. एका मालकाकडे प्रदर्शनासाठी वळू तयार करण्यात माझा जन्म गेला. त्यांना आंघोळ घालायची, पाठीचे केस विंचरायचे, शेपटीचा गोंडा फुलवायचा आणि दाव्याला धरून पंचांसमोर चालवायचं. मालकाच्या भिंतीवर माझ्या वळूंनी जिंकलेल्या फिती टांगलेल्या होत्या. अक्षरं मी पन्नाशी उलटल्यावर शिकलो, बायकोने शिकवली, आणि सगळ्यात आधी त्या फिती वाचायला गेलो. त्यातल्या ज्या दोन मी जगाला ‘पहिला नंबर’ म्हणून दाखवत आलो होतो, त्यांवर ‘दुसरा’ असं लिहिलेलं निघालं. शहाण्या माणसाने तिथेच तोंड मिटलं असतं.

माझी मुलगी नेलिदा ही मेलो नावाच्या शहरातल्या मांसाच्या कारखान्यात कामाला होती. दिवसभर थंड खोलीत उभं राहून मांस कापायचं. बोटं तिची कायम जांभळी. गेल्या वर्षी तिला सरकारी वसाहतीत टेकडीवरचा एक तुकडा मिळाला. तिने नोकरी सोडली, गाईंचा एक लहानसा कळप घेतला आणि आम्हा दोघा म्हाताऱ्यांनाही तिथे राहायला नेलं. पहिल्या मोसमात गाई गाभण राहिल्या नाहीत, तर जमीन परत करून पुन्हा त्याच थंड खोलीत जावं लागणार होतं. हे तिने मला एकदाच सांगितलं.

गाई तिने छान ठेवल्या होत्या. हिवाळाभर चांगलं कुरण त्यांच्यासाठी राखलं, कोवळ्या कालवडी वेगळ्या काढल्या. “बरगड्या दिसत असतील तर गाय माजावर येत नाही,” ती म्हणायची, “मग लोक उगाच वळूला शिव्या घालतात.” वळूही तिने हेरून ठेवला होता. शेजाऱ्याचा, उघड्या रानात वाढलेला, दिवसभर दगडांतून चालणारा, सडपातळ.

“हा वळू आहे की उपाशी पोस्टमन?” मी म्हणालो.

“पापा, त्याचे पाय बघा. खूर बघा. इथे टेकडी आहे.”

“पायांचं काय घेऊन बसलीस? वळूची पाठ बघायची असते. पाठ!”

आणि मी मार्केसला पुढे केलं. मी काम सोडलं तेव्हा मालकाने मला निरोपाला दिलेला हा वळू. पांढरं तोंड, कुरळं कपाळ, आणि पाठ इतकी सपाट की तिच्यावर ‘माते’चा, म्हणजे आमच्या कडू चहाचा, भोपळा ठेवून निवांत प्यावं. वासरू होता तेव्हापासून मी त्याला बादलीतून भरडा चारून वाढवलेला. नेलिदाने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

“तुम्ही म्हणता तर तसं,” ती म्हणाली.

हे शब्द कानाला फार गोड लागतात. ते ऐकल्यावर माणसाने सरळ जाऊन झोपावं, पुढे काही करू नये.

डिसेंबरात, जगाच्या आमच्या दक्षिण टोकाला उन्हाळा लागतो तेव्हा, मार्केसला गाईंत सोडलं. पहिले पंधरा दिवस वळूवर रोज नजर ठेवावी, असं मी गावभर सांगत आलो आहे. मीही ठेवली. अडचण इतकीच होती, की मी त्याच्यावर नजर ठेवून होतो आणि तो माझ्यावर.

सकाळी दार उघडावं तर मार्केस फाटकाशी हजर. गाई टेकडीपलीकडे ओढ्याकाठी, आणि हा इथे. मी माते प्यायला बसलो की तारेवरून मान काढून माझ्या मानेवर गरम श्वास सोडायचा. कुठेही बादली वाजली, कोंबड्यांची का असेना, की हा धावलाच.

“लाजतोय तो,” मी म्हणालो. “जागा नवी आहे.”

“लाजत नाहीये, म्हाताऱ्या,” माझी बायको ओर्फिलिया चुलीपाशी पीठ मळता मळता म्हणाली. “त्याने आपलं माणूस निवडलंय. आणि निवड चुकलीये. चाळीस वर्षांच्या अनुभवाने सांगते.”

तेवढ्यात नेलिदा घोड्यावरून टेकडी उतरून आली. “पापा, तीन गाई माजावर आहेत. एकमेकींवर चढतायत बिचाऱ्या. नवरदेव कुठाय?”

नवरदेव माझी बाही चाटत होता.

मग मी माझी अक्कल चालवली. भरड्याने भरलेली बादली घोड्यावर घेतली आणि वाजवत वाजवत कळपात गेलो. मार्केस मागोमाग आला. एक तांबडी गाय त्याच्याजवळ आली, त्याच्या पाठीवर हनुवटी टेकून उभी राहिली. गाईने याहून स्पष्ट काय बोलायचं? मार्केसला वाटलं ती भरड्यात वाटा मागतेय. त्याने तिला ढुशी मारून दूर केलं आणि बादलीत तोंड घातलं.

मी हार मानली नाही. रोज जाऊन गाईंच्या मधोमध बसू लागलो, म्हणजे निदान तो तिथे थांबेल. तो थांबलाही. मी बसलो की माझ्या शेजारी बसायचा, रवंथ करत. एकदा ओलिव्हियो, नेलिदाचा धर्मपिता आणि त्या नात्याने माझा कोंपाद्रे, कुंपणाकडेने चालला होता. त्याने घोडा थांबवून आम्हा दोघांना बराच वेळ न्याहाळलं.

“कोंपाद्रे,” तो ओरडला, “पोरीने गाई कुणाच्या भरवशावर सोडल्यात? तुमच्या दोघांपैकी?”

“त्याला जरा वेळ द्यावा लागतो!”

“नाही, इथून बघितलं तर दोघांकडूनही आशा सारखीच दिसतेय!”

त्या संध्याकाळी नेलिदा ओसरीवर बसली. तिने पेटीतले कारखान्याचे पांढरे रबरी बूट काढले, आत हात घालून कुठे भोक पडलंय का ते तपासलं आणि ओल्या फडक्याने पुसून ठेवले. मी समोरच होतो. एक गोष्ट सांगून टाकतो. न्हावी नवरदेवाला ओळखतो ते मांडवाच्या दारापर्यंत. मी जन्मभर वळूंची न्हावीगिरी केली होती आणि संसार कसा करावा हे शिकवत फिरत होतो.

“शेजाऱ्याचा तो पोस्टमन आणू या,” मी म्हणालो.

“तो गेला, पापा. दुसऱ्यांनी नेला.”

“मग?”

“मार्केसमध्ये खोट नाही. सोडायच्या आधी डॉक्टरने तपासलाय. वळू चांगला आहे.” तिने फडकं पिळलं. “तुम्ही जायचं.”

“मी? कुठे?”

“ओलिव्हियोंकडे. आणि ती बादली घेऊन.”

“मी पिशवी भरते,” ओर्फिलिया म्हणाली, आणि इतक्या लवकर भरलेली पिशवी घेऊन बाहेर आली, की ती दुपारपासून तयार असावी.

उन्हाळा मी नदीपलीकडे ओलिव्हियोकडे काढला. पहिला निरोप आला तो असा, की मार्केस फाटकाशी उभा राहून हंबरतोय, काही खात नाही. मीही ताट बाजूला सारलं.

“कोंपाद्रे, तो वळू आहे, विधुर नव्हे,” ओलिव्हियो म्हणाला. “ताट ओढा इकडे.”

पुढचा निरोप आला, की भुकेने फाटक सोडून तो गवत शोधायला टेकडीपलीकडे गेला. गवत होतं तिथेच गाई होत्या. त्यानंतर निरोप नाही. फोनवर विचारलं की नेलिदा नुसतं “बघू” म्हणायची.

गारठा पडायला लागल्यावर मला परत बोलावलं, गाई तपासायच्या दिवशी. डॉक्टर सिल्व्हेरा, एक उंच तरुण बाई, खांद्यापर्यंत हातमोजा चढवून गाय अडकवायच्या खोड्यामागे उभी होती. एकेक गाय आत यायची, डॉक्टरचा हात गाईच्या पोटात जायचा आणि ती निकाल ओरडून सांगायची. मला ट्रकमागे उभं केलं होतं, मार्केसला माझं दर्शन होऊ नये म्हणून.

“रिकामी!”

नेलिदाने गाईच्या पाठीवर खडूने रेघ मारली.

“रिकामी!”

मी डोळे मिटून घेतले. ओलिव्हियोने माझा खांदा धरला. त्याच्याकडे तेव्हा विनोद नव्हता.

“गाभण!” मग जरा वेळाने पुन्हा, “गाभण!” ती तांबडी आत आली. “गाभण. हीसुद्धा. पुढची आणा.”

शेवटी रेघा मोजक्याच गाईंवर राहिल्या. डॉक्टर हातमोजा उतरवत म्हणाली, “चांगलं आहे. पण बहुतेक सगळ्या उशिरा विणार. सुरुवातीचा महिना फुकट गेलेला दिसतोय. काय झालं होतं?”

ओलिव्हियोला खोकला आला.

“हवामान,” नेलिदा म्हणाली आणि माझ्याकडे न बघता खोड्याचं फाटक लावायला गेली. तेव्हा मी तिचे पाय पाहिले. ते पांढरे बूट तिने घातले होते, आणि शेण घोट्याच्या वर चढलं होतं. असे बूट आता कुठल्याही कारखान्याने दारात घेतले नसते.

आनंदात माणसाला काही सुचत नाही. मी बादली घेतली आणि मार्केस चरत होता त्या तुकड्याकडे गेलो. पाठ पहिल्यासारखी सपाट उरली नव्हती. अंग सडपातळ, खूर झिजलेले. हुबेहूब पोस्टमन. मी बादली वाजवली. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, गावच्या बाजारात दूरच्या नातेवाइकाकडे बघावं तसं, आणि पुन्हा गवतात तोंड घातलं.

मी पुन्हा वाजवली, जरा जोरात.

कोंबड्या आल्या. त्यांना मी भरडा घातला, आणि वळू कसा निवडावा ते समजावून सांगितलं.