डावीकडचं उजवीकडे

कात्रीचं बोथट टोक तिने आतड्यात सारलं आणि एका दमात हातभर चिरत नेलं. आतला हिरवट लगदा भसकन ट्रेमध्ये आला. शी! काम रोजचं होतं, तरी किळस रोज नव्याने यायची. हळूहळू सवय होते म्हणणाऱ्यांना एकदा या ट्रेसमोर आणून उभं करावं, असं तिला फार वाटायचं.

लगदा चाळणीत धुतला की पांढरे दोरे वर यायचे. जंत. काही मेलेले, काही अजून वळवळणारे. ते चिमट्याने उचलायचे, बाटलीत टाकायचे, मायक्रोस्कोपखाली धरून ओळखायचे. मेंढ्यांच्या पोटातले जंत हा तिच्या पीएच.डी.चा विषय. तो काही तिने हौसेने निवडला नव्हता. आधीचा विद्यार्थी अर्ध्यावर पळून गेला, म्हणून तिच्या गाईडनी, म्हणजे सरांनी, तो तिच्या गळ्यात मारला होता. त्या पळपुट्याचा तिला राग यायला हवा होता, पण यायचा तो हेवा.

घरी गेल्यावर ती आधी मोरीत शिरायची. बोटं, नखं, मनगटं, कोपरापर्यंत हात. साबण लावायचा, वास घ्यायचा, पुन्हा लावायचा. बाहेरून आईचा आवाज यायचा.

"अगं, साबण संपला तरी चालेल, कातडं तेवढं शिल्लक ठेव!"

हात पांढरेफटक आणि सुरकुतलेले झाले की मगच ती कागदाला हात लावायची. कागद होता बेलबुट्टीचा. कापडावर छापायच्या वेली, कळ्या, काठ ती रेखाटायची आणि एका छपाईच्या कारखान्याला द्यायची. या कामात एक कायदा होता आणि तो तिच्या बोटांत मुरला होता. डावीकडे पान आलं की उजवीकडे आलंच पाहिजे. डावीकडची कळी वाकली तर उजवीकडचीही तेवढीच वाकायला हवी. तिला आता ते ठरवावं लागत नसे, हात आपला आपण करायचा. दिवसभराची घाण धुऊन निघाल्यावर त्या वेली काढताना तिला स्वतःची शिसारी येईनाशी व्हायची.

कापडावर मात्र कुणी सही करत नाही. तिच्या वेली लोकांच्या पडद्यांवर, चादरींवर, अंगावर फिरत होत्या आणि त्या तिच्या आहेत हे आईखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. एकदा तरी चित्राखाली आपलं नाव छापून यावं, एवढीच तिची इच्छा. आणि ही आतडी एकदाची संपावीत. या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी एकाच माणसाकडून मिळतील, असं मात्र तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

सरांना तिच्या चित्रांचा पत्ता लागला तो टिपकागदाच्या कोपऱ्यात तिने काढलेल्या एका वेलीमुळे.

"अरे वा! चित्रं काढता येतात? मग इतके दिवस लपून काय बसली होतीस?"

झालं. त्या दिवसापासून सगळ्या विभागाचे जंत तिच्याकडे येऊ लागले. ज्याला त्याला आपल्या प्रबंधात तिचीच आकृती हवी. स्वतःचं काम बाजूला ठेवून ती दुसऱ्यांचे जंत ट्रेसिंग पेपरवर शाईने काढत बसायची आणि सर येता-जाता म्हणायचे, "छंद कामाला आला बघ!" छंद! त्या शब्दाने तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. जंत कापणं ते काम, आणि जीव ओतून करायचं तो छंद.

आणि मग आज सकाळी सर केक घेऊनच लॅबमध्ये आले. तिचा ट्रे त्यांनी कोपराने बाजूला सारला, त्याच टेबलावर खोकं उघडलं आणि तिने गेल्या आठवड्यात काढलेलं चित्र सगळ्यांना दिसेल असं उंच धरलं.

"नीट बघा. या जातीच्या मानेवर फुगवटा असतो, तो एका बाजूला. पुस्तकात तसंच आहे, आजवर सगळ्यांनी तसंच लिहिलंय. आणि हा बघा. डावीकडे एक, उजवीकडे एक! नवी जात आहे ही. आपल्या लॅबची!"

टाळ्या पडल्या. सरांनी केक कापला, बोटाला लागलेलं क्रीम चाटलं आणि त्याच बोटाने तिच्याकडे खूण केली.

"हा पेपर छापून आला की तू प्रबंध लिहायला घे. आतडी पुरे आता. आणि चित्राखाली तुझं नाव टाकू, ठळक अक्षरांत. गुणांची कदर आहे मला."

तिने तिथूनच आईला फोन लावला. आई म्हणाली, "सुटलीस गं बाई एकदाची." दोघींनाही भरून आलं. फोन ठेवून तिने चित्र हातात घेतलं, पहिल्यांदाच डोळे भरून पाहावं म्हणून. काय देखणं आलं होतं! किती तोलात! दोन्हीकडचे फुगवटे एकाच पाकळीच्या दोन बाजूंसारखे.

आणि तिच्या तोंडातला केक चावायचा राहिला.

बाटली शोधून तिने जंत काचेवर घेतला आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. डावीकडे फुगवटा होता. उजवीकडे सपाट, मख्ख मान. काच फिरवून पाहिली, उजेड वाढवून पाहिला. काही नाही. चित्र काढलं त्या दिवशी सकाळपासून ती घरी एक काठ रेखाटत बसली होती आणि तशीच उठून लॅबला आली होती. तिच्या हाताने डावीकडचं उजवीकडे नेलं होतं. दुसऱ्या कुणाच्याही हातून ही चूक झाली नसती, कारण दुसऱ्या कुणाचाही हात इतका शिस्तीचा नव्हता.

क्षणभर तिला वाटलं, आपण हे पाहिलंच नाही. बाटली होती तिथे ठेवावी, वर आणखी एक तुकडा केक खावा. मग असं वाटल्याचीच तिला किळस आली आणि चित्र घेऊन ती सरांच्या खोलीत गेली.

"सर, दुसरा फुगवटा नाहीये."

"कुठे नाहीये?"

"जंताला. एकच आहे, डावीकडे. उजवीकडचा माझ्या हातून काढला गेला. सवयीने."

सर उठले आणि त्यांनी दार लोटून घेतलं. परत येऊन बसताना त्यांचा चेहरा इतका मायाळू झाला होता की ती एक पाऊल मागे सरली.

"पण चित्रात आहे ना?"

"चित्रात आहे."

"मग झालं तर! अगं, तुम्हा चित्रकारांची नजर वेगळी असते. आम्हाला दिसत नाही ते तुम्हाला दिसतं."

"मला दिसला नव्हता, सर. मी तो काढला."

"तेच ते." सरांनी केकचा उरलेला तुकडा तोंडात टाकला आणि तो चावत चावतच बोलत राहिले. "नमुने खराब होतात. बाटल्या फुटतात. कुणी मागितला तर नाही म्हणायचं, त्यात काय? आईला फोन केलास मघाशी, मी ऐकलं. किती आनंद झाला असेल त्यांना. आता त्यांना काय सांगणार, आणखी दोन वर्षं आतडीच चिरते म्हणून?"

सरांच्या ओठाच्या कोपऱ्यात क्रीमचा पांढरा ठिपका होता आणि ते बोलले की तो हलायचा. ट्रेमधल्या कशानेही तिला इतकी शिसारी आणली नव्हती.

"चित्र घेऊन जा. खाली झोकदार सही कर. संध्याकाळी मी पाठवतोच." सर उठले आणि त्यांनी हात पुढे केला. "शहाणी मुलगी आहेस."

तिकडून हात आला म्हणून इकडून तिचाही गेला. हाताची तीच खोड मेली! सरांचा पंजा मऊ होता, दमट होता आणि चिकट होता. त्यांनी तो हवा त्यापेक्षा जास्त वेळ धरून ठेवला.

ती टेबलाशी परतली. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला सगळी लॅब खोडरबर म्हणायची, कारण सरांची भुवई जरा वर गेली की तो स्वतःचं बोलणं तिथल्या तिथे पुसून टाकायचा. त्याने मान वर करून पाहिलं तेव्हा तिने चित्र काचेवर पसरलं होतं आणि ब्लेडच्या टोकाने उजवीकडचा फुगवटा ती अलगद खरवडत होती. ट्रेसिंग पेपरवरची शाई अशीच काढतात, हलक्या हाताने, भुकटी फुंकत फुंकत.

"अगं, काय करतेस? सर जीव घेतील!" मग तो जरा थांबला. "नाही म्हणजे, चित्र तुझंच आहे म्हणा."

खरवडलेल्या जागी तिने मानेची सपाट रेघ ओढली. जंत आता एकीकडे कलल्यासारखा, बेढब दिसायला लागला. बेलबुट्टीत असलं काही आलं असतं तर कारखान्याने परत पाठवलं असतं. ती त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिली. काचेखाली दिसला होता तो हाच. मग तिने टाक शाईत बुडवला आणि चित्राखाली आपलं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, सावकाश.

सर मीटिंगला गेले होते. चित्र तिने त्यांच्या टेबलावर ठेवलं, केकच्या रिकाम्या खोक्याशेजारी. पंख्याने उडू नये म्हणून वर ती जंताची बाटली ठेवली. आईला काय सांगायचं ते तिला अजून सुचत नव्हतं.

लॅबमध्ये येऊन तिने फ्रिजमधून आतड्याची नवी पिशवी काढली आणि ट्रेमध्ये मोकळी केली. नेहमीचा भपकारा आला. कात्री जागेवर होती, चिमटा जागेवर होता. ती बेसिनकडे गेली आणि हाताला साबण लावू लागली. बोटं, नखं, मनगट. उजवाच हात, पुन्हा पुन्हा.

खोडरबर हसला.

"अगं, आधीच काय धुतेस? घाण तर आता लागायचीय."

तिने हात नाकाशी नेऊन वास घेतला आणि पुन्हा साबण उचलला.