रॉस्कोच्या पलंगाशेजारचा खण

एका घरी चोरी झाली की सगळ्या आळीची झोप उडते. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या एका लहानशा गावातही तेच झालं. शेजारच्या घरात भरदुपारी चोर शिरले आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच मॅव्हिसबाई, वय वर्षं एकाहत्तर, बंदुकांच्या दुकानात हजर झाल्या.

दुकानदार क्लेटन लहानपणी चर्चमध्ये बायबलच्या गोष्टी त्यांच्याकडेच शिकलेला; तिकडच्या रीतीप्रमाणे लग्न झालेल्या बाईंनाही तो आदराने 'मिस' म्हणे. त्याने एक पिस्तूल पुढे ठेवलं. पण ते झाडण्याआधी वरचा भाग मागे ओढावा लागतो, आणि संधिवाताने वाकड्या झालेल्या बोटांना ते काही जमेना.

"मग रिव्हॉल्व्हर घ्या, मिस मॅव्हिस. ओढायची भानगड नाही, नुसता चाप दाबायचा. मात्र अगदी हलकं नको, ते हाताला फार झटका देतं."

"आणि गोळ्या रे?"

"पोकळ टोकाच्या. अंगात शिरली की पसरते, आरपार जायची भीती कमी. कमी म्हणतोय हं, नाही असं नाही. आपल्या घरांच्या भिंती म्हणजे पुठ्ठा. पलीकडच्या खोलीत कोण असतं?"

"रॉस्को. नवऱ्याशिवाय दुसरं कोण, राज्यपाल?"

"कसे आहेत ते?"

"विसरतो सगळं. मंगळवारी मलाच दरडावून विचारलं, बाई, तुम्हाला घरात कुणी घेतलं? म्हटलं, तूच, अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी."

क्लेटन हसला नाही. "त्यांचं जुनं पिस्तूल कुठंय?"

"पलंगाशेजारच्या खणात. भरलेलं. या गावात कुणाचं नसतं?"

एवढं बोलल्या आणि बाईंचा चेहरा पांढरा पडला.

"चोर येईल न येईल," क्लेटन हळू आवाजात म्हणाला. "पण मिस्टर रॉस्कोंना परकी वाटणारी बाई त्या घरात रोज असते. मी आज तुम्हाला काहीही विकणार नाही. आधी ते जुनं इथे आणा, मी सांभाळतो. हवं तर मी येतो घ्यायला."

"नको. तू आलास तर त्याचा अपमान होईल."

घरी रॉस्को ओसरीवर मक्याचा पाव खात बसला होता. बाईंनी खण उघडला, गोळ्या काढल्या आणि पिस्तूल पिशवीत टाकलं. मागे वळतात तो दारात रॉस्को.

"ते राहू द्या हो बाई," तो अगदी अदबीने म्हणाला. "माझ्या मॅव्हिसला घरात एकटीला भीती वाटते."

बाईंनी मान खाली घातली आणि आपल्याच घरातून चोरासारख्या बाहेर पडल्या. गाडीत बसून पोटभर रडल्या. मग दुकानाकडे निघाल्या.

वाचकहो, कुठलं पिस्तूल, कुठली गोळी, हे आपण दुकानदाराला खुशाल विचारतो. त्याआधी घरातल्या माणसाकडे एकदा नीट बघा. ज्याच्या भरवशावर ते हत्यार घरात आलं, तो माणूस आज तोच राहिला आहे का? नसेल, तर ते बाहेर काढा. त्याला समजावता येणार नाही, तरीही काढा!