जिन्याखालचा कूलर आणि विमलकाकूंचं पिल्लू

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा कूलर आहे. लातूरच्या एका घरात, मागच्या दारी जिन्याखाली माझा मुक्काम असतो. कूलर म्हटलं की तुम्हाला उन्हाळा आठवत असेल, ओल्या गवताच्या ताट्यांचा वास आठवत असेल. माझ्या पोटात मात्र एक फुलझाड आहे. ते तिथे कसं आलं आणि जाता जाता कसं राहिलं, ते सांगतो.

माझा जन्म शंकरप्पांच्या वेल्डिंगच्या दुकानात झाला. त्यांनी पत्रा कापला, वाकवला, डागला आणि वर निळा रंग दिला. साखराबाईंनी मला घरी आणलं तेव्हा त्यांचा वरद पाळण्यात होता. मी घरघर करत वारं सोडायचो आणि वरद गाढ झोपायचा. वीज गेली की मी थांबायचो. मी थांबलो की तो रडायचा. एवढं कौतुक पुन्हा कुणी केलं नाही. तो रांगू लागला तेव्हा मात्र माझा जीव टांगणीला लागला. त्याची इवली बोटं जाळीतून माझ्या पात्यापर्यंत पोचली तर? साखराबाईंनी जाळीवर आणखी एक बारीक जाळी तारेने आवळून बांधली, तेव्हा कुठे मला हायसं वाटलं.

मग वरद मोठा झाला आणि घरात एसी आला. माझा पंखा काढून माळ्यावर टाकला, मला जिन्याखाली सरकवलं. माझ्या पोटात रद्दी आणि जुन्या चपला येऊन पडल्या. भंगारवाला दारावरून गेला की माझ्याकडे बघूनच जायचा.

या घरात सून म्हणून आली नांदेडची सुकन्या. तिची लेक मृण्मयी. मुलगी एकदा शिंकली की सुकन्या कपाळाला हात लावून बघायची, दुसऱ्यांदा शिंकली की थर्मामीटर काढायची. थंडीत स्वेटरवर स्वेटर, टोपीवर रुमाल. घरचे हसायचे. मी हसलो नाही. जाळीवर जाळी बांधणारी माणसं मला पहिल्यापासून ठाऊक होती.

सुकन्याला एकच छंद होता, आमरीचा. आमरी म्हणजे ऑर्किड. नांदेड-लातूरच्या हौशी लोकांचं एक आमरी मंडळ आहे. दर महिन्याला कुणाच्या तरी घरी बैठक, एकाचं भाषण, मग चहा. कधी सगळे मिळून रानात आमरी बघायला जातात. झाडावरची आमरी तोडायची नाही, नुसती बघायची, हा त्यांचा नेम. आणखी एक रीत होती. ज्याच्या घरी जाल त्याच्या झाडांवर निघताना पाण्याचा एक फवारा मारायचा. हळदीकुंकवाला अत्तर लावतात ना, तसा मायेने.

मंडळ सुरू केलं ते विमलकाकूंनी. सुकन्याच्या माहेरच्या शेजारी त्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांच्याकडे पांढऱ्या फुलांची एक जुनी आमरी होती, काकांनी आणलेली. काका आता नाहीत. त्या आमरीच्या दांड्यावर एक पिल्लू फुटलं, म्हणजे लहान रोप. ते काकूंनी सुकन्याला दिलं आणि तिने ते बसमध्ये मांडीवर घेऊन लातूरला आणलं. इथल्या कोरड्या हवेत ते टिकायचं कसं? काकूंनी फोनवर विचारलं, घरात जुना कूलर आहे का? झालं. माझ्यातल्या चपला निघाल्या, ताट्या नव्या लागल्या, खाली थोडं पाणी आलं आणि मी त्या पिल्लाचं घर झालो.

साखराबाई म्हणाल्या, "झाडाला कूलर, अन् सासूला हातपंखा. चालू द्या."

सुकन्याला मात्र पाण्याचीच धास्ती. डास होतील, मृण्मयीला डेंग्यू होईल. म्हणून दर रविवारी ती माझं पाणी उपसून मला कोरडा पुसायची आणि चहूबाजूंनी मच्छरदाणीचं कापड दुहेरी करून घट्ट लावायची. वारा यायला फटसुद्धा राहायची नाही. पण मी काय बोलणार?

गेल्या उन्हाळ्यात विमलकाकू गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी हैदराबादला लेकाकडे राहिल्या. परत येऊन बघतात तर नांदेडची आमरी वाळून गेलेली. काकांच्या हातचं आता माझ्या पोटातलं पिल्लूच तेवढं उरलं होतं. ते जगवायची जबाबदारी सुकन्यावर आली, म्हणजे माझ्यावरही आली.

फेब्रुवारीत पिल्लाला कळ्या आल्या. काकूंनी लगेच पुढची बैठक लातूरला ठरवली. मंडळी गाडी करून निघाली आणि वाटेत रेणापूरजवळ एका शेतात थांबली. आंब्याच्या फांदीवर रास्ना होती, आपल्याकडची रानआमरी. शेताचे मालक तिला बांडगूळ समजून काढायलाच निघाले होते. काकूंनी त्यांना सांगितलं, ही झाडाचं काही खात नाही, नुसती फांदीवर बसते आणि वारं पिते. मालकांनी कोयता खाली ठेवला.

ही हकिगत काकूंनी आमच्या अंगणातल्या भाषणात रंगवून सांगितली. शेवटी म्हणाल्या, "पाणी द्यायला सगळ्यांचा हात लई मोकळा. वारं द्यायचं कुणाच्या ध्यानात येत नाही." सगळ्यांनी माना हलवल्या. चहा झाला. मग निघताना एकेकाने कापड वर करून कळ्या बघितल्या आणि एकेक फवारा मारला. एकच मारला, पण प्रत्येकाने मारला. सगळ्यात शेवटी काकूंनी.

मंडळी गेली, कापड पुन्हा घट्ट लागलं. पिल्लाच्या पानांच्या मधोमध पाणी साचलं होतं. मला ते कळत होतं. पंखा असता तर एका दुपारीत मी ते सुकवलं असतं. पण माझा पंखा माळ्यावर होता.

दोन-तीन दिवसांनी सुकन्याने बघितलं तेव्हा मधलं कोवळं पान तपकिरी पडून मऊ झालं होतं. तिने काकूंना फोन लावला आणि न थांबता सगळं सांगितलं.

"काकू, ऐकून राहिल्या ना?"

"हाव ग. मीपण मारला की फवारा. तासभर भाषण करून मीच मारला. ह्यांचं झाड ना, राहवलं नाही." मग त्यांचा आवाज एकदम शाळेतला झाला. "आता रडत बसू नको. कापसाने पाणी टिप, सडलेलं काढ, दालचिनीची पूड लाव. आणि आधी ते कापड काढ बाई. वारं दे त्याला."

वरद जवळच उभा होता. तो माळ्यावर चढला. माझा पंखा खाली आला. त्याने तो पुसला, तेल घातलं, माझ्या जागी बसवला. सुकन्याने आधी मृण्मयीला लांब उभं केलं आणि जाळी दोनदा हलवून बघितली. साखराबाईंनी बांधलेली ती बारीक जाळी अजून घट्ट होती. मग बटण दाबलं.

मी घरघरलो. इतक्या वर्षांनी! वरद आहे तिथेच थांबला. "ह्याच आवाजावर झोपायचास तू," साखराबाई म्हणाल्या. सुकन्या बराच वेळ त्या वाऱ्यात हलणाऱ्या पानांकडे बघत राहिली. मग तिने मृण्मयीची टोपी काढली, वरचा स्वेटर काढला, आणि घामेजलेल्या केसांना थोडं वारं लागू दिलं.

मधलं पान गेलं. एक कळीही गळाली. पण बाकीच्या कळ्या धरून राहिल्या आणि मार्चमध्ये उमलल्या. बुंध्याशी कडेने नवा कोंब डोकावला, तेव्हा काकू मुद्दाम नांदेडहून आल्या. तुमचं पिल्लू तुम्ही घेऊन जा, असं सुकन्या म्हणाली. काकू त्या पांढऱ्या फुलांपुढे वाकून उभ्या राहिल्या. "राहू दे. त्याला इथलं वारं मानवलंय."

निघताना सवयीने त्यांचा हात फवाऱ्याच्या बाटलीकडे गेला. त्यांनी ती उचलली, माझ्याकडे बघितलं आणि परत खाली ठेवली. मग बटण दाबून मला सुरू केलं.

मित्रांनो, आता उन्हाळा आला आहे. तुम्हीही कुणाला ना कुणाला जपत असाल, एखादं रोप, एखादं मांजराचं पिल्लू, धाकटं भावंड. जपा, जीव लावून जपा. फक्त अधूनमधून कापड जरा वर करा. आणि माळ्यावर एखादा जुना पंखा पडला असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी एकदा लावून बघा. त्याची घरघर कुणाला तरी ओळखीची वाटेल.