पुलापलीकडचं दुसरं गाव

"गाव एकच?" तादियाने विचारलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तो बेलग्रेडहून आमचा खेळ बघायला आला होता. त्याच्या कंपनीने हो म्हटलं तर खेळ जगभर जाणार होता. नाही म्हटलं, तर तो वाल्येवोतल्या बियाणांच्या दुकानावरच्या आमच्या खोलीतच धूळ खात पडणार होता. खेळ बनवणारे आम्ही दोघंच. मी, रोसांदा, गोष्ट लिहिणारी आणि बुदिमीर, संगणकाची सगळी हमाली करणारा. बुदिमीर माझा कूम. माझ्या लग्नाला साक्षीला तो उभा होता, माझ्या लेकीला बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानेच हातांवर धरलं होतं. आमच्याकडे सख्ख्या भावाशी भांडलेलं चालतं, लोक दोन दिवस बोलतात आणि विसरतात. कुमाशी भांडण झालं तर लोक तुमच्याकडे बघायचे बंद होतात.

"एकच," मी म्हटलं. "व्हॅम्पायर आपल्याच गावात फिरतो. परक्या गावात जाऊन करील काय? तिथे त्याला ओळखतं कोण?"

"अहो बाई, खेळणाऱ्याला भरपूर लागतं. शहरं, किल्ले, जंगलं. लोक आधी विचारतात, केवढा आहे. मग विचारतात, कसा आहे."

"मग त्यांना नकाशा विका."

बुदिमीरने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. मी गप्प बसले. मला गप्प बसायला जमत नाही, पण बसले.

त्या दिवशी मृतांचा शनिवार होता. सकाळीच मी वडिलांच्या कबरीवर जाऊन आले होते. मेणबत्त्या लावल्या, मातीवर वाइन ओतली, दोन माणसांना राकियाचा, घरच्या फळांच्या दारूचा, घोट पाजला आणि साखर-अक्रोड घातलेल्या उकडलेल्या गव्हाची उरलेली ताटली खोलीवर घेऊन आले. ती तादियासमोर ठेवली. एक चमचा घ्यायचा, 'देव त्यांना क्षमा करो' म्हणायचं, एवढंच असतं. त्याने हाताने ताटली बाजूला सारली.

"साखर सोडलीये मी."

गहू कुणी नाकारत नाही आमच्यात. दारुडा नाकारत नाही, कम्युनिस्ट पक्षाचा जुना नास्तिक नाकारत नाही. बुदिमीरने मान खाली घातली. पाहुणा आहे, शिवाय गरज आपली आहे, असं मनाशी म्हणत मी ताटली खिडकीत ठेवली.

तादिया खेळायला बसला. हात चांगला होता त्याचा, ते कबूल करते. आमच्या खेळात तुम्ही मिलिसाव नावाचा मेलेला चक्कीवाला असता. अंधार पडला की कबरीतून उठायचं, भूक भागवायची. पण तुम्ही हाक मारल्याशिवाय कुणी घराबाहेर येत नाही आणि हाक नावाने मारावी लागते. नाव कळायला भिंतीला कान लावून बसावं लागतं. कोण कुणाला काय म्हणतं, कोण रुसलंय, कुणाची गाय आटलीये, सगळं ऐकावं लागतं. ज्याचं रक्त प्याल तो मरतो आणि त्याचं कामही मरतं. भटारीण गेली की गावात पाव नाही. घंटा वाजवणारा गेला की रविवार कधी आला ते कळत नाही. एकदा झालं ते झालं, मागे फिरून परत खेळता येत नाही.

एकाच दाराला हाक लागत नाही. मिलिसावच्या स्वतःच्या घराला. तिथे कडी काढलेलीच असते.

तादिया अर्थातच आधी तिथे गेला. मग लोहार, मग भटारीण, मग दोघी बहिणी. कान देऊन नावं टिपत होता, भराभर हाका मारत होता. मी लिहिलेली भांडणं, लग्नाची बोलणी, म्हाताऱ्या येवरेमची कधी न संपणारी दातदुखी, या सगळ्यांतून त्याने फक्त नावं उचलली, मटारच्या शेंगा सोलून टरफलं टाकावीत तशी. मी एकेक वाक्य महिना महिना घासलं होतं. जेवणाच्या वेळेआधीच गाव रिकामं झालं.

"संपलं," तो खुर्चीत रेलून म्हणाला. "हेच म्हणत होतो मी. मजकूर कमी पडतोय. चांगला आहे, पण कमी."

मी तोंड उघडणार तेवढ्यात बुदिमीर घाईघाईने म्हणाला, "गावाबाहेरच्या पुलापलीकडे जाऊन बघा."

पुलापलीकडे काही नव्हतं. निदान मला माहीत होतं तोवर नव्हतं. पण मिलिसाव पूल ओलांडून गेला आणि पलीकडे दुसरं गाव होतं. घरं, कुंपणं, आलुबुखाऱ्याची झाडं. सगळं चकचकीत.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"थोडं वाढवून बघितलं," बुदिमीर माझ्याकडे न बघता म्हणाला.

"मला न सांगता? कुमा, मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"अर्थात नाही म्हणाले असते!"

"मग?" त्याचा आवाज चढला. "मी नोकरी सोडून बसलोय, रोसांदा. माझी बायको आता या खेळाचं नाव काढलं की उठून दुसऱ्या खोलीत जाते. मला एकदा, फक्त एकदा, कुणा अनोळखी माणसाच्या घरात हा खेळ चालू असलेला बघायचाय. त्यासाठी चार घरं जास्त बांधली तर आभाळ कोसळलं का?"

मला रडू येत होतं आणि त्याच वेळी त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटत होती. दोन्हीही केलं नाही, तादिया बसला होता म्हणून.

तादिया मात्र खूश होता. "अरे वा! आता कसं! असं पाहिजे." तो घरात शिरला. दारं उघडीच होती. ज्यांना नावंच नाहीत त्यांना हाक कशी मारणार? बुदिमीरला एकट्याला एवढ्या माणसांना नावं देणं जमलं नव्हतं. माणसं भिंतीला टेकून उभी होती, एकजण दुसऱ्यासारखा. तो एकाचं रक्त प्याला, दुसऱ्याचं प्याला. तिसऱ्याच्या वेळी जांभई दिली. पाचव्या घरी त्याने खिशातून फोन काढून एका हाताने निरोप बघितले.

"असं अजून एक बांधा," तो फोनमध्ये बघतच म्हणाला, "की आमची माणसं लगेच हो म्हणतील."

"तुम्हाला कंटाळा आलाय," मी म्हटलं.

"मला नाही."

"जांभई कुणी दिली मग, मिलिसावने?"

तेवढ्यात खेळात शनिवार उजाडला. मृतांचा शनिवार. मी लिहिलेला तो शेवट होता, आणि तो पुलाच्या कुठल्याही बाजूला गेलात तरी येतोच. पडद्यावर पहिल्या गावाची दफनभूमी आली. मिलिसाव आपल्या मातीखाली आडवा पडलेला. वर गवत, वारा. भुकेची खूण लाल होऊन धडधडत होती.

तादियाने बटणं दाबून बघितली. "आता काय करायचं?"

"काही नाही. वाट बघायची."

"कुणाची?"

"येलित्सा कुठंय?" मी विचारलं.

"कोण येलित्सा?"

"तुमची बायको. म्हणजे मिलिसावची."

तो आठवू लागला. "ती... पहिल्या घरातली? चुलीपाशी होती ती? तिचं नाव तर कुणी घेतलंच नाही."

"दार उघडं होतं, मग नाव कशाला लागेल. तीच येते आज. गहू आणते, वाइन ओतते, सकाळभर बसून त्याच्याशी बोलते. कोंबड्यांचं सांगते, छपराचं सांगते. मी त्या सकाळीवर अख्खा हिवाळा घालवलाय. ती वाइन मातीत मुरली की त्याची भूक मिटते आणि तो कायमचा निजतो. बायको नसेल तर पुतणी येते. ती नसेल तर भटारीण, तीही नसेल तर तो दातदुखीवाला येवरेम येतो. गावातलं कुणीही चालतं. एक माणूस राखायचा होता तुम्ही."

"आणि पलीकडच्या गावातलं कुणी?"

"त्यांना मिलिसाव कोण हे कुठे माहीत आहे?"

तो बटणं दाबत राहिला. "मागे जाता येत नाही? हे चुकीचं आहे, खेळात असं करतात का! लोक चिडतील."

"चिडू देत."

"तुम्हाला खेळ विकायचाय की लोकांना धडे द्यायचेत?"

"मला माझी सकाळ कापायची नाहीये. तुमच्या तीन गावांतल्या माणसांना शब्द पुरवायचे तर येलित्साचं बोलणं आखूड करायला लागेल, तुम्हालाही माहीत आहे. मी एक शब्द काढणार नाही."

पडद्यावर वारा सुटला होता. खाली रस्त्यावरून दोन बायका टोपल्या घेऊन चालल्या होत्या, मेणबत्त्यांची जुडी वर दिसत होती. त्या दफनभूमीकडे निघाल्या होत्या. तादिया खिडकीतून त्यांच्याकडे बघत राहिला.

"आज का?" त्याने हळूच विचारलं. "तो शनिवार आजच आहे?"

"आजच."

"आई इथून जवळच आहे माझी. ल्यिग गावाच्या अलीकडे, टेकडीवरच्या दफनभूमीत." त्याने घड्याळ बघितलं. "येताना त्याच रस्त्याने आलो मी."

मला त्याची दया आली, खरं सांगते, आणि दया आल्याचा रागही आला. मघाशी याच माणसाने माझा हिवाळा कमी पडला म्हणून सांगितलं होतं. तो उठला, कोट घातला, दारापाशी थांबला.

"माझी कंपनी गावंच मोजते," तो म्हणाला. "मी काहीही सांगितलं तरी मोजणारच."

"मोजू दे."

"तो गहू उरलाय का?"

मी खिडकीतली ताटली रुमालात बांधून त्याच्या हातात दिली. "नाव काय त्यांचं?"

"पेर्सिदा."

"देव पेर्सिदाला क्षमा करो," बुदिमीर आणि मी एकदमच म्हणालो. तादिया जिना उतरून गेला. पडद्यावर भूक धडधडतच होती, ती बंद करायचं त्याला सुचलं नव्हतं.

बुदिमीर पुढे झाला. मला वाटलं पडदा बंद करील. त्याने पुलापलीकडचं गाव निवडलं आणि पुसून टाकलं. आलुबुखाऱ्याच्या झाडांसकट.

"तिसऱ्या घरात मलाही कंटाळा आला होता," तो म्हणाला. "बांधताना."

मी त्याला माफ केलं की नाही, हे त्याने विचारलं नाही. मी दोन पेले काढले, राकिया ओतली. आम्ही दोघांनी आधी जमिनीवर थेंब सांडले, मग प्यालो.

कंपनीचं उत्तर आठवड्याभरात आलं. तीन गावं किंवा मागे फिरायची सोय, नाहीतर नकार. आम्ही नकार घेतला. खेळ आम्हीच बाहेर काढला, वसंतात, एका गावाचा, एकही शब्द न कापता. पहिल्या दिवशी कुणीच आलं नाही. दुसऱ्या दिवशी कुठल्यातरी दूरच्या देशातल्या माणसाने खाली शेरा लिहिला: 'कल्पना चांगली आहे. पण खेळात फारसं काही नाही. एका संध्याकाळीत गाव संपलं.'

मी दातओठ खात चांगलं पानभर उत्तर मनात जुळवत होते. बुदिमीरने मला कोपराने बाजूला केलं आणि स्वतः लिहिलं, आमच्या दोघांच्या नावाने:

'संपलं नव्हतं. तुम्ही खाल्लंत.'