कोंडलेला गारवा

"कूलर गार करंना गेलाय," असा पेडगावच्या मुंजाजीरावांचा निरोप आला आणि मी चिडूनच सायकल काढली. सत्त्याऐंशीचा मे, भर दुपार. माझ्या हातचा कूलर बिघडतो म्हणजे काय!

खोलीत पाऊल टाकलं तर अंगावर नुसती ओल आली. खिडक्या बंद, फटींत चिंध्या कोंबलेल्या, भिंतींना पाणी सुटलेलं. मधोमध कूलर जोरात फिरत होता. खाटेवर मुंजाजीरावांच्या पत्नी नर्मदाबाई. सकाळी शेतात त्यांना ऊन लागलं होतं. घामाचे ओघळ, कपाळ तापलेलं, बोलणं भलतंच. दवाखान्यात न्यायला जीप बोलावली होती, पण ती येईपर्यंत बाई टिकतील का, याची मला धास्ती वाटली.

"दार उघडा."

"येडे झालाव का? भायेर आग बरसायलीय!" मुंजाजीराव दाराला पाठ लावून उभे राहिले.

"मालक, पाणी वाळतं तवा गारवा व्हतो. इथली हवा पाण्यानं तुडुंब झालीय. आता कूलरच्या गवतातलं पाणी वाळंना, अन् बाईंचा घामबी वाळंना. भायेरची हवा तापलेली हाय, पण कोरडी हाय. तीच पायजे."

"काई झालं तर सोडणार न्हाई तुमाला!"

"नका सोडू. आधी सरका!"

त्यांना बाजूला सारून मी दार उघडलं, कूलर ओढत उंबऱ्यापाशी नेला, त्याची पाठ अंगणाकडे केली. समोरची खिडकी सताड उघडली. पहिली झळ आली तशा बाई कण्हल्या. मुंजाजीरावांनी माझा दंड घट्ट धरला.

हळूहळू वारा गार येऊ लागला. मी ओलं धोतर बाईंच्या अंगावर टाकायला लावलं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. कपाळावरचा घाम वाळला. बाईंनी डोळे उघडले, परका माणूस दिसताच डोक्यावर पदर ओढला आणि पाणी मागितलं. तो पदर पाहून माझ्या जिवात जीव आला.

जीप आली. बाईंना आत बसवून मुंजाजीरावांनी हात जोडले. "देवावानी आलाव. पण दारं-खिडक्या गच्च लावा म्हणून तुमीच सांगितलं व्हतं की."

मीच सांगितलं होतं. बंद खोलीत पहिला तासभर बरं वाटतं, गिऱ्हाईक खूश होतं. पुढचं ठाऊक असून मी बोलत नसे. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पेडगावात माझे आणखी पाच कूलर होते. जीप वळली तसा मी धावत जाऊन गल्लीतलं पहिलं बंद दार ठोठावलं.